शालनताईंच्या वाढदिवसाचं हॉटेल

येरवड्याच्या त्या हास्यक्लबात ज्याचा वाढदिवस त्याने हॉटेल ठरवायचं, असा नियम होता. हसायचं कधी आणि किती, हे मात्र अध्यक्ष हिंमतराव ठरवत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या शालन ओव्हाळ दरवर्षी आपल्या वाढदिवशी सगळ्यांना चालते ती शाकाहारी थाळीच निवडत. लोक म्हणत, "शालनताई फार समजूतदार!" ज्याला काही मागता येत नाही त्याला समजूतदार म्हणतात, हे शालनताईंना जरा उशिराच कळलं.

यंदा त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'अश्फाक शिकलगार यांचं बरिटोचं हॉटेल.' नातीने एकदा नेलं होतं. मोठ्या पोळीत भात, राजमा आणि चिकन गुंडाळून देतात. पोळी संपल्याशिवाय भात नाही, ही आपल्याकडची शिस्त एका घासात निकालात. शालनताईंना ते भलतंच आवडलं होतं.

ग्रुपवरची गुलाबाची चित्रं थांबली. गोदाबाईंनी लिहिलं, 'तिथं काचेवर हलाल लिहिलंय म्हणे.' हिंमतरावांनी नुसते हात जोडले. ते स्वतः बिर्याणी खायला कॅम्पात जात. पण घरी न सांगता, त्यामुळे ते बाटत नसत.

रविवारी दुपारी शालनताई लांबलचक टेबल अडवून, बरिटो मागवून एकट्या बसल्या. नवरा गेल्यापासून त्यांना बोलायला माणसं म्हणजे हा क्लबच. अश्फाक जास्तीच्या खुर्च्या उचलायला आला.

"राहू दे रे. दिसू देत रिकाम्या."

तेवढ्यात हिंमतराव आले आणि पायरीवरच थांबले.

"अहो शालनताई, इथं काय बसलाय? सगळे थाळीवाल्याकडे खोळंबलेत. केकसुद्धा आणलाय."

"कुणाचा?"

"तुमचाच की!"

"मग कापा. वाढदिवस परस्पर हलवलात, आता माझ्यावाचून काय अडलंय?"

"हट्ट सोडा. आमचं तसं काही नाही हो. पण लोकांना यांच्या हातचं चालत नाही. उद्या क्लबात यायचंय ना तुम्हाला?"

शालनताईंनी हातातला बरिटो खाली ठेवला.

"माझ्या आईला गावच्या हॉटेलात चहा बाहेर बसून मिळायचा. कप वेगळा, पिऊन झाला की तिनंच धुवायचा. हॉटेलवाल्याचंही तसं काही नव्हतं, हिंमतराव. लोकांना चालत नव्हतं."

यावर कुठल्या प्रकारचं हास्य करायचं ते हिंमतरावांना सुचेना. त्यांनी थाळीवाल्याकडे फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि पायरी न ओलांडता हात जमेल तेवढा आत लांबवला. पलीकडून सगळ्या क्लबाने वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. गोदाबाई सुरात नव्हत्या, पण मनापासून गात होत्या. शालनताई खात राहिल्या. चटणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, ती त्यांनी पुसलीही नाही.

गाणं संपलं. पलीकडे टाळ्या झाल्या.

"नीट ऐकू आलं नाही," शालनताई फोनला म्हणाल्या. "इथं येऊन म्हणा. अश्फाक, तोवर मला आणखी एक दे."