माझ्या नावावरच्या म्हशी

भोरच्या बँकेतल्या मुलीने संगणक माझ्याकडे वळवला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचले.

"आजोबा, दुसऱ्या बँकेचं म्हशींचं कर्ज तुमच्या नावावर थकलंय. तुम्ही थकबाकीदार दिसताय. तुम्ही सहकर्जदार असाल तर सूनबाईंना गाडीसाठी कर्ज मिळणार नाही."

मागच्या बाकावर आमच्या गावच्या अण्णासाहेबांचा पुतण्या बसला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "म्हशी इकून खाल्ल्या, आता गाडी खायला आल्यात." रांग हसली. शेजारी म्हणाला, "खाल्ल्या नसतील रं, म्हातारबांनी च्यात घातल्या असतील." रांग पुन्हा हसली.

माझी सून माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात वाहन चालवायचा परवाना होता, तो तिने पिशवीत ठेवला. भाटघर-उत्रोलीकडची मुले भोरच्या शाळेत नेण्यासाठी तिला जुनी व्हॅन घ्यायची होती. पालकांशी बोलणी झाली होती. मुलगा शिरवळच्या कंपनीत कंत्राटी, त्याची नोकरी बँक धरत नाही. घर माझ्या नावावर, म्हणून सही माझी हवी होती. आणि माझे नाव नासलेले निघाले.

या प्रकरणाच्या गावात चार हकिकती आहेत. पुतण्याची तुम्ही ऐकलीत. अण्णासाहेबांची अशी की त्यांनी माझ्यावर उपकार केला आणि मी तो बुडवला. आमच्या वस्तीतली अशी की म्हातारा अनुदानाच्या लोभाने फसला. विहारात येणारी शिकलेली पोरे मला वाचवायला बघतात आणि म्हणतात, बाबा अडाणी होते, त्यांना काय कळणार. या चौथीचा मला सर्वांत जास्त राग आहे. मी मॅट्रिक आहे. अर्ध्या गावाचे अर्ज मी लिहून दिलेले आहेत. त्या कर्जाच्या कागदावरची ओळ न् ओळ वाचून मी सही केली. मला समजले नव्हते, असे कोणी माझ्या वतीने म्हणू नये.

घडले ते असे. आमच्या समाजासाठी दुभत्या जनावरांची योजना आली. कर्ज सहकारी बँकेचे, काही भाग अनुदानाचा. अण्णासाहेब त्या बँकेचे संचालक, आणि गावातले दूध संकलन केंद्रही त्यांच्याच ओसरीत. मी अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला. मला हेवा वाटावा इतक्या शांतपणे ते म्हणाले, "म्हशी घे की. पन तुझ्या हातचं दूध केंद्रावर कोन घालू दील? लोक आपलं क्यान माघारी न्हेत्याल. त्यापरीस जनावरं माझ्या गोठ्यात ऱ्हाऊ दे. नाव तुझं, हप्ते माझं. दुधातला वाटा तुला."

ते खोटे बोलत नव्हते. माझ्या घरचे दूध खरोखरच कोणी घेतले नसते. हाच तो सापळा. त्यात फसवणूक नावालाही नव्हती. म्हशी घेऊन दूध ओतून द्यायचे, की अर्ज फाडून परत जायचे, की त्यांच्या गोठ्यात बांधायच्या. मी तिसरे निवडले.

म्हशी आल्या. कानात पिवळे बिल्ले मारले, माझ्या नावाचे. बँकेचा माणूस फोटो काढायला आला तेव्हा अण्णासाहेबांनी दोन्ही दोर माझ्या हातात दिले. फोटो झाला. दोर परत घेतले.

त्यानंतर त्या गोठ्यात आमचे जाणे पहाटेचे, आणि तेही मागच्या दाराने. माझी बायको तिथले शेण काढायची. शेण आमच्या हातचे चालत होते. कासेला हात लावायची मनाई होती. वाट्याचे दूध कधी आले नाही. पुढे म्हशी विकल्या गेल्या, हप्ते थांबले. मी विचारले तर उत्तर ठरलेले: "बँक माझीच हाय. तू कशाला काळजी करतो?"

ती काळजी आता माझ्या नावाला चिकटून आली.

दुसऱ्या दिवशी मी भोरच्या बँकेतल्या त्या मुलीकडे एकटा गेलो. तिने खुर्ची दिली, हे नोंदवतो. तिने समजावले ते नीट समजावले. कोणाचे कर्ज थकले याचा अहवाल बनवणारी कंपनी वेगळी. ती स्वतः काही ठरवत नाही. कर्ज देणारी बँक जे कळवते ते लिहिते. नोंद चुकीची वाटली तर कंपनीकडे तक्रार करायची. कंपनी त्याच बँकेला विचारते. बँक 'बरोबर आहे' म्हणाली की नोंद राहते.

"आणि त्या बँकेत कोण बसतं?" मी विचारले.

तिने संगणक पुन्हा स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "थोडे पैसे भरून तडजोड करू नका. तडजोड झाली असंच तिथं दिसत राहतं. पूर्ण भरलं तर खातं बंद दिसेल, पण आधीचा उशीर लगेच पुसला जात नाही. आमचे साहेब तेवढ्यावर कदाचित विचार करतील."

हे अण्णासाहेबांच्या कानावर गेले. त्यांनी बोलावले. या वेळी पुढच्या दाराने.

"समदं भरतो म्या," ते म्हणाले. "तुझ्या सुनंची गाडी व्हऊन जाऊ दे. तू फकस्त एक सही कर." कागद तयार होता. म्हशी मी सांभाळल्या, मीच विकल्या, हप्ते माझ्या हलगर्जीने थकले, बँकेची वा संचालकांची तक्रार नाही.

मी कागद घरी आणला. सुनेपुढे ठेवला. ती मार्गासनीची, बोलायला फटकळ. पण त्या दिवशी तिने भाकरी थापता थापता एवढेच सांगितले: "आबा, करा म्हनत न्हाई आन करू नका बी म्हनत न्हाई. जूनात शाळा सुरू व्हत्याल. पोरांच्या आया दुसरी गाडी बघत्याल."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला ती बघेल तर बरे, असे वाटत होते.

मी सही केली असती तर तिला गाडी मिळाली असती. नक्कीच असे नाही, पण बहुधा मिळाली असती. हे मी लपवत नाही. आणि माझ्या बायकोने काढलेले शेण माझ्या मालकीच्या म्हशींचे ठरले असते. एकदा त्यांच्या अटीवर मी माझे नाव दिले होते. आता ते माझ्याकडून माझी हकिकतही मागत होते.

कागद मी परत नेऊन दिला. अण्णासाहेब म्हणाले, "माज आला व्हय तुला?"

"व्हय," मी म्हणालो. "उशिरा आला."

अहवालाच्या कंपनीकडे तक्रार सुनेच्या मोबाईलवरून केली. कारण लिहायची चौकट लहान होती. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली: 'सदर म्हशी माझ्या दारी कधीही आल्या नाहीत. माझ्या हातचे दूध गावात चालणार नाही, असे संचालकांनी सांगून त्या स्वतःच्या गोठ्यात बांधल्या.' ती थांबली. पहिल्यांदा तिने वर पाहिले. मग पाठवले.

उत्तर आले. बँकेने नोंद बरोबर असल्याचे कळवले आहे. जून आला. पोरे दुसऱ्या गाडीत बसून आमच्या दारावरून जातात. सून दारात उभी राहते आणि आत येते.

आता मी त्या सहकारी बँकेत जाऊन बसतो. म्हशींचा तो फोटो मला हवा आहे. तो त्यांच्याच फाइलमध्ये आहे. दोर माझ्या हातात आहेत, आणि माझ्या पाठीमागे गोठ्याच्या फाटकावर पत्र्याची अक्षरे आहेत, अण्णासाहेबांच्या पूर्ण नावाची. तिथले साहेब म्हणतात, फाइल सापडत नाही. मी म्हणतो, शोधा. साहेब म्हणतात, उद्या या. मी उद्या जातो. फोटो मिळाला तर पुन्हा तक्रार, नाही मिळाला तर नाही मिळाल्याची तक्रार, त्यांच्या वरच्याकडे आणि त्याच्याही वरच्याकडे.

काल शिपाई म्हणाला, "बाबा, ह्या वयात नाव साफ करून काय करनार?"

मी त्याला सांगितले की माझे नाव स्वच्छच आहे. घाण आहे ती त्या गोठ्यातली, आणि या खेपेला ती आमच्या घरातले कोणी काढणार नाही.