एक चूल, एक कुटुंब

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नुसतं टाळलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी त्याच्या जागी दुसरीच गोष्ट चालू दिली. माझ्या निवृत्तीच्या समारंभात आमचे साहेब माइकवर म्हणाले होते, "इनकी ईमानदारी का एक ही किस्सा काफी है. जान-पहचान की औरत के लिए भी इन्होंने एक आँकड़ा नहीं बदला." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसलो, शालीन माणसानं हसावं तसा. मध्यंतरी माझ्या मुलानं जेवताना तोच किस्सा आपल्या मुलीला ऐकवला. नात म्हणाली, "क्या बात है आजोबा, बिल्कुल हीरो!" मी ताट सरकवून उठलो. पाणी पिऊन मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

मी खरंच आकडा बदलला नव्हता. तोच तर गुन्हा आहे.

केंद्र सरकारच्या ज्या खात्यात मी नोकरी केली तिथं देशातली माणसं, त्यांची घरं, त्यांचं खाणंपिणं मोजत. नोकरीच्या ऐन भरात आम्ही काही सरकारी कर्मचाऱ्यांनी मिळून यमुनेपलीकडे मयूर विहारला एक सोसायटी काढली. बांधकाम रखडत रखडत चाललं होतं. मी समितीत होतो, म्हणून रविवारी बायकोला स्कूटरवर मागे बसवून काम बघायला जात असे. कुंपणाच्या भिंतीला टेकून मजुरांच्या झुग्ग्या होत्या. आमच्याच विटा मातीत न सांधता नुसत्या एकावर एक रचलेल्या, वर पत्रा, पत्र्यावर दगड.

एकदा आम्ही दोघं जिन्याच्या उंचीवरून मराठीत वाद घालत होतो. डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई थांबून ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगा माय, तुमी आमच्याकडचे हाय का?"

ती भंडाऱ्याकडची. नवऱ्याबरोबर छत्तीसगढी मजुरांच्या टोळीतून इथवर आलेली. दिल्लीत मराठी ऐकून आमच्या बायकोला कोण आनंद! दोघी वाळूच्या ढिगावर बसून गप्पा मारायला लागल्या. त्या दिवसापासून मी तिचा 'भाऊ' झालो. मला ते आवडत असे. फुकटात मिळालेलं मोठेपण कुणाला आवडत नाही?

तिच्या झुग्गीला लागून आणखी तीन झुग्ग्या होत्या, तिन्ही छत्तीसगढी कुटुंबांच्या. नातं काही नाही, फक्त भिंती एकमेकींना टेकलेल्या. चौघी बायका अंधारात उठून आपापली चूल पेटवत, धुरात खोकत भात शिजवत आणि कामावर पळत. रांगती पोरं वाळूत सोडलेली, पायाला दोरी बांधून, दोरी खांबाला. ते बघून माझ्यातला अर्थशास्त्राचा पदवीधर जागा झाला. मी तिला म्हटलं, "चौघींत एकच चूल करा. आळीपाळीनं एकीनं मागे राहायचं, सगळ्यांचं रांधायचं, पोरं सांभाळायची. तिघींनी कामावर जायचं. सरपण वाचेल, रॉकेल वाचेल, पोरांच्या पायातली दोरी सुटेल."

ती तोंडाला पदर लावून हसली. "भाऊ, ते माह्या हातचं खातीन का? आन् त्याइच्या हातचं आमच्या घरचा मानूस खाईन का?"

"भूक लागली की खाईल," बायको म्हणाली.

खाल्लं त्यांनी. थोडी कुरबूर झाली, मग जमलं. पोरांच्या पायातली दोरी खरंच सुटली. एका रविवारी तिनं आम्हाला आग्रहानं बसवून त्या सामाईक चुलीवरचा भात आणि गावाहून आणलेली लाखोळीची डाळ वाढली. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवलं, "यार, मोठाल्या पुस्तकांत लिहितात ते मी झुग्गीत करून दाखवलं."

इमारत उभी राहिली आणि ज्यांनी ती उभी केली ते आम्हाला नजरेसमोर नकोसे झाले. सोसायटीच्या सभेत एकानं नाक मुरडलं, "गेटच्या समोरच संडासला बसतात, पाहुण्यांना काय दाखवायचं?" त्यांना संडास कुणी बांधून दिला नव्हता, आमच्या प्रत्येक फ्लॅटला दोन होते, तेही त्यांनीच बांधलेले. दुसरा एक मराठी गृहस्थ म्हणाला, "आपण कुठं कुणाला रस्त्यावर टाकतोय? सरकार त्यांना प्लॉट देणारच आहे की." हे खरं होतं. शहराच्या पार टोकाला, बस जेमतेम पोहोचते अशा माळावर, कुटुंबामागे एक छोटा प्लॉट मिळणार होता. त्याआधी कुटुंबं मोजायची होती. मोजणीला आमच्या खात्याची माणसं मागवली गेली आणि देखरेखीला मी.

मी साहेबांना सांगितलं की त्याच सोसायटीत माझा फ्लॅट आहे. ते म्हणाले, "फिर तो रास्ता मालूम होगा तुम्हें. बढ़िया!" मी पुढे काही बोललो नाही. काम दुसऱ्याला द्या, एवढं म्हणता आलं असतं.

आमच्याकडे कुटुंबाची व्याख्या होती: एका चुलीवरचं जेवणारे ते एक कुटुंब. वाईट व्याख्या नाही. मोठ्या घरात भाऊ-भाऊ वेगळे राहतात की एकत्र, हे तिच्यावरून चटकन कळतं. पण ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ज्याच्या घरात स्वयंपाकघर असतं असा माणूस होता. एकट्यानं चूल पेटवणं परवडत नाही म्हणून शेजाऱ्याशी ताट जोडणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

वस्तीत हे आधीच फुटलं होतं. तिथल्या दादानं घरोघर निरोप फिरवला होता: जितक्या चुली, तितके प्लॉट. ज्याच्याकडे नुसती एक खाट होती त्यानंही खाटेशेजारी तीन विटा मांडून त्यांना काजळी फासली. मी ते डोळ्यांनी पाहत होतो.

मोजणीच्या आदल्या दिवशी तिनं मला गेटपाशी गाठलं. "भाऊ, उद्या चुलीचं इचारतीन मनते. आमी येगयेगळ्या मांडाच्या का?"

मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. शब्दही नको होता. पण मी म्हणालो, "खोटं कशाला? खरं असेल ते सांग. मी आहे ना."

मी आहे ना! हे तीन शब्द मी आयुष्यात पुन्हा कुणाला म्हटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचा कारकून तिच्यापाशी पोहोचला. मी दोन पावलं मागे होतो. तिनं आधी आम्हाला पाणी दिलं.

"चूल्हे कितने?"

"एक."

"चारों का खाना साथ में?"

"हाँ, साथ में. भाऊनंच सांगतलं तसं करायले." आणि तिनं कौतुकानं माझ्याकडे बोट केलं.

कारकून माझ्याकडे वळला. चार दारं त्यालाही दिसत होती. "सर, कमरे तो चार हैं, आदमी भी अलग-अलग. क्या लिखूँ?"

त्यानं मला विचारलं होतं. अजून त्यानं काही लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "रूल क्या है? एक लिखो."

का? मी स्वतःला हजारदा विचारलंय. नियमाची भीती म्हणावं, तर शेजारच्या काजळी फासलेल्या विटांना मी निमूट चुली म्हणून मान्यता दिली होती. तिथं वाद घातला असता तर दादाची माणसं अंगावर आली असती. इथं वाद नव्हता, बाई ओळखीची होती. ओळखीच्या बाईला नियम लावला की माणूस स्वतःच्याच नजरेत उंच होतो. बस, एवढंच. तिच्या घरावर पाय देऊन मी दोन इंच उंच झालो.

चार कुटुंबांना मिळून एक प्लॉट मिळाला. तो चौघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या पुरुषाच्या नावावर निघाला, कारण कुटुंबाला प्रमुख लागतो. तो शेजारचा म्हातारा तिचा कुणी नव्हता. ट्रक आले, पत्रे, भांडी आणि पोरं भरून गेले. त्या जागेवर आज आमच्या सोसायटीच्या गाड्या उभ्या असतात. म्हातारा वारला तसे गावाकडून त्याचे मुलगे आले, प्लॉट विकून मोकळे झाले आणि बाकीची तीनही कुटुंबं बाहेर पडली. दरम्यान तिचा नवराही गेला होता. छातीत सिमेंट बसलेली माणसं फार टिकत नाहीत.

ती आमच्या नव्या फ्लॅटच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना.

"भाऊ, आमी चार घरं होतो ना? तुमाले तं ठावं हाय. तुमी सांगा ना कोनाले."

मी म्हणालो, "नियम आहे तो. आता माझ्या हातात काही नाही."

बायकोनं तिला तांदूळ आणि एक साडी दिली. दार लावल्यावर बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि हातात होतं तेव्हा?" एवढंच. पुढे तिनं तो विषय कधी काढला नाही, पण माझ्या प्रामाणिकपणाचा किस्सा कुणी सांगायला लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जात असे. आता ती नाही, आणि उठून जाणारं कुणी उरलेलं नाही.

हे एका बाईपुरतं असतं तर मी कदाचित मरेपर्यंत गप्प राहिलो असतो. पण पुढे काय झालं ते ऐका. देशात घरांची टंचाई किती, हे काढायचा आमचा हिशेब सोपा होता: कुटुंबं किती, घरं किती, करा वजाबाकी. चार कुटुंबांचं एक झालं की तीन घरांची गरजच नाहीशी झाली! एक वीटही न रचता टंचाई कमी! आणि चार घरचे हात एकाच कुटुंबात कमावतात म्हटल्यावर आमच्या तक्त्यात ते कुटुंब चांगलं खातंपितं दिसायला लागलं. जितके लोक अडचणीपायी एका ताटात आले, तितका देश सुधारला. गार हवेच्या सभागृहात मी हे तक्ते पडद्यावर दाखवले आहेत. पहिल्या रांगेतले लोक समाधानानं माना डोलवत होते. मी जाणून होतो आणि मी बोललो नाही. चहाच्या वेळी समोसे गरम आहेत का, एवढीच चर्चा झाली.

आजही सकाळी पार्कात माझ्या वयाचे लोक भेटतात. "देश कहाँ से कहाँ पहुँच गया, साहब!" पोहोचला ना. इमारती दिसतात, मेट्रो दिसते. पण ज्यांच्या पाठीवरून पोहोचला त्यांना मोजताना आम्ही काय केलं ते मला विचारा. मला संताप येतो तो त्या म्हाताऱ्यांचा नाही, दूरदर्शनवर आकडे फेकणाऱ्यांचाही नाही. ते निदान अजाण आहेत. मी नव्हतो.

त्या भंडाऱ्याच्या बाईला मी पुन्हा एकदाच पाहिलं. निवृत्तीनंतर छोट्या कारखान्यांच्या पाहणीचं एक काम मिळालं होतं, त्यासाठी पानिपतला गेलो. तिथं परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. ते फाडून, पिंजून त्याचं सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. मालक मला गोदाम दाखवत होता. खाली जमिनीवर बायका ओळीनं बसून कोटांची बटणं आणि चेन कापत होत्या. हवेत रंगीत तूस तरंगत होतं. तोंडाला फडकं बांधलेली एक म्हातारी मान वर करून बघत राहिली. फडकं खाली ओढून म्हणाली, "भाऊ?"

मी ओळखलं. न ओळखल्यासारखं करायचा विचार मनात आला, हेही लिहून ठेवतो.

"तुम्ही इथं कशा?" मी विचारलं.

"कुठी तरी तं राहाच लागते." तिनं बायकोची चौकशी केली, मुलं किती शिकली ते विचारलं. हातातली कात्री चालूच होती. मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र आणि हातातली फाइल बघून खुदकन हसली. "अजून मोजतच हाय का? मंग मले मोजा ना आता. एकटीचीच चूल हाय. कोनाचं लटांबर नाही."

आसपासच्या बायकांना मराठी कळत नव्हतं, पण तिच्या हसण्यावर त्याही हसल्या. मी खाली बसायला गुडघे वाकवले. तेवढ्यात मालक ओरडला, "सरजी, चाय ठंडी हो रही है!" आणि मी, काय लिहू, मी सुटल्यासारखा उभा राहिलो. तिला म्हणालो, "तब्येत सांभाळा." आणि चहा प्यायला गेलो.

काही महिन्यांनी मुद्दाम पुन्हा गेलो. गोदामात दुसऱ्या बायका होत्या. मालक म्हणाला, "कौन-सी बुढ़िया? आती-जाती रहती हैं जी."

जाताना गाडीत मी काय म्हणायचं ते मनाशी ठरवत गेलो होतो. ते हे होतं. बाई, एकत्र रांधायला मी सांगितलं आणि त्याचीच शिक्षाही तुम्हाला मीच दिली. त्या दिवशी कारकुनानं विचारलं तेव्हा मला चार दारं दिसत होती, चार घरं ठाऊक होती, आणि मी एक म्हणालो. नियमानं माझं तोंड धरलं नव्हतं. तुम्ही खरं बोललात, खोटं मी बोललो. तुमचं घर मी घालवलं. मला माफ करा.