हॉलमध्ये आधी काय होतं

मुलीने लग्नासाठी हॉल पसंत केला तेव्हा मी खूश होते. टेकडीवरची जुनी पांढरी इमारत, उंच कमानी, लाकडी झडपांच्या खिडक्या, आणि सिंगापुरातल्या मरीन परेड भागातल्या आमच्या फ्लॅटपासून फार लांबही नाही. जेवणाचं ठरवायला आम्ही दोघी गेलो. तिथल्या मॅनेजर मुलीने लिंबाचं सरबत दिलं आणि मोठ्या कौतुकाने इमारतीची कुंडली मांडली. आधी गोऱ्या सैनिकांची बराक, मग त्यांचंच इस्पितळ, दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा, शाळा हलल्यावर कुठलंसं सरकारी ऑफिस, मग बरीच वर्षं कुलूप, आणि आता लग्नं.

“आणि हे स्टेज आहे ना,” ती हसत म्हणाली, “इथे इस्पितळाचं शवागार होतं. युद्धात तर पूर्ण भरलेलं असायचं. फरशी ओरिजिनल आहे!”

माझा सरबताचा ग्लास हातातच राहिला. फरशी ओरिजिनल म्हणे! हे असं मिरवून सांगायची गोष्ट आहे? मी खाली पाहिलं. काळ्या-पांढऱ्या चौकटी, चकचकीत पुसलेल्या, आणि मधून एक उथळ पन्हळ भिंतीकडे गेलेली. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. खोली धुवायची असली की जमिनीला पन्हळ लागते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझी मुलगी मात्र आइस्क्रीमचे प्रकार विचारत होती.

स्टेज दुसऱ्या टोकाला नेता येईल का, असं मी मॅनेजरला हळूच विचारलं. येईल, पण आठवड्याभरात कळवा, म्हणाली.

घरी आले तरी ती फरशी माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी जन्मले. मुहूर्त, पत्रिका, भूतखेत यांना आम्ही दारातसुद्धा उभं करत नाही. इथले लोक चार या आकड्याला मरणाचा मानून बिचकतात म्हणून मी मुद्दाम चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि ते दहा जणांना ऐकवलं. लग्नाची तारीख म्हणजे हॉल मोकळा असलेला शनिवार, बस. आणि आता मला त्या फरशीवर पांढऱ्या साडीतली माझी मुलगी डोळ्यांसमोर आणवत नव्हती. धक्का शवागाराचा होता की माझा मलाच बसलेला, हे आजही सांगता येणार नाही.

मुलीला खरं कारण सांगायची सोय नव्हती. जन्मभर शिकवलेलं तिने माझ्याच तोंडावर मारलं असतं. म्हणून हॉलच बदलावा यासाठी पार्किंगचं निमित्त काढलं, मग MRT चं स्टेशन लांब पडतं, मग आजीला चढ झेपणार नाही. “टॅक्सी घेऊ ला, मम्मा,” एवढंच, इथल्यासारखं शेवटी ‘ला’ लावून उत्तर आलं.

मग मला विहीणबाई आठवल्या. होणारा जावई इथलाच, चिनी घरातला. त्याची आई दिशा बघितल्याशिवाय घर घेत नाही आणि चिनी पंचांगातल्या भुतांच्या महिन्यात साधी खुर्ची विकत घेत नाही. तिला कळलं की तीच मोडता घालेल आणि मी नामानिराळी राहीन. साप भी मरे, लाठी भी ना टूटे. मी फोन केला आणि अगदी काळजीच्या सुरात शवागाराचं सांगितलं.

ती खळखळून हसली. “माझ्या भाच्याचं लग्न तिथेच झालं. सिंगापुरात माणूस न मेलेली जागा कुठली, ला? भिक्खूंना बोलावू, मंत्र म्हणून घेऊ, झालं!” वर मलाच विचारते, “तुम्ही बुद्धिस्ट ना? मग घाबरता काय?”

उरली माझी आई. ती लग्नासाठी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून आली होती. संध्याकाळी ती लसूण सोलत बसली होती, मुलगी शेजारी फोनमध्ये डोकं घालून.

“आई, त्या हॉलमध्ये पूर्वी प्रेतं ठेवायचे.”

“कुणाची?”

“सैनिकांची असतील. काय माहीत.”

“मग?”

“मग काय! तिथे लग्न लावायचं?”

आईने लसूण खाली ठेवला. “तुझं बारसं कुठं झालं?”

“विहारात.”

“आणि विहाराच्या आधी तिथं काय होतं?”

मला वाटायचं, विहार पहिल्यापासून विहारच असणार. निळं दार, बाहेर पिंपळ, आत एकच ट्यूबलाइट. तिच्याखाली बसून मी दहावीचा अभ्यास केला. माझं लग्नही तिथेच लागलं.

“ढोरं फाडायची जागा होती ती,” आई म्हणाली. “गावात जनावर मेलं की ओढून आणायचं आपण, आणि सोलायचं तिथं. धम्म घेतला, ते काम टाकलं. पण विहाराला जागा मागितली तर गावानं दुसरी देईना. पाया खणताना पाट्या भरभरून हाडं निघाली. मी नवी नवरी, हातात लग्नाच्या हिरव्या बांगड्या. आम्ही बायकांनीच उचलली. त्या जागेवरचं पहिलं बारसं तुझं.”

पन्नाशी उलटली तरी मला हे माहीत नव्हतं! मेलेली ढोरं ओढण्याबद्दल मी वाचलं होतं, भाषणंही ऐकली होती. पण माझा पाळणा त्याच जमिनीवर टांगला होता, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला संताप आला, आणि तो गावावर काढावा की आईवर, तेही कळेना.

मुलीने फोन केव्हाच ठेवला होता. “मेलेली जनावरं? आपण?” ती इंग्रजीत म्हणाली. मग तशीच आजीकडे वळली, “तुला भीती नाही वाटली?”

तिचा प्रश्न मी आईला मराठीत सांगितला.

“भीती? मेलेल्यांची?” आई म्हणाली. “त्यांनी काय केलं होतं आमचं? ती जागा जिवंतांनी दिली होती.”

आईने पुन्हा लसूण हातात घेतला.

“आजी, लग्नात त्रिशरण तू दे,” मुलगी म्हणाली. मराठीत.

“देईन की. पण आधी त्या फरशीवरच्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. सगळ्यांनी.”

मी उठले आणि मॅनेजरला कळवलं, स्टेज आहे तिथेच राहू दे.