खेकड्याच्या चवीचे वेफर्स

न्हावा शेवाला परदेशी मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करते. खाऊचा कंटेनर कस्टममधून सुटला की माल मागवणारी पार्टी खूश होऊन नमुन्याची चार पाकिटं टेबलावर ठेवून जाते. बाकीचे चॉकलेटांवर तुटून पडतात. मी वेफर्स उचलते, कारण ते कुणालाच नको असतात. काकडीचे वेफर्स, लिंबाच्या चहाचे वेफर्स, शेवाळाचे वेफर्स. शेवाळाचं पाकीट घरी नेलं तेव्हा आई म्हणाली, "अगो, हे तर आपुन होडीच्या बुडाचं खरवडून टाकतो, नि तू पाकिटातून आणतेस?" मग अर्धं पाकीट तिनेच संपवलं.

हे वेफर्स खायचा दिवस रविवार आणि जोडीदार माझा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा घोडा, बंदरावरची बरी नोकरी सोडून जाळ्यांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला. कुठल्या तरी गावची चार पोरं स्वतःच्या खर्चाने गाणी करतात, कंपनी नाही, सिनेमा नाही, तसली इंडी गाणी तो दिवसभर ऐकायचा आणि तसलंच एक स्वतः करायची खटपट करायचा. मी पाकीट फोडायचं, दोघांनी चव घ्यायची आणि त्या चवीला शोभेल ते गाणं त्याने लावायचं, हा आमचा खेळ. काकडीला त्याने एका मुलीचं गिटारवरचं गाणं लावलं. ती गातेय की जांभया देतेय तेच कळेना, पण शोभलं. लिंबाच्या चहाला तीन गाणी लावून पाहिली, एकही बसेना. शेवटी ते पाकीट कोंबड्यांना घातलं तर त्यांनीही तोंड फिरवलं.

आमची निकाल द्यायची रीत सांगायला हवी. आमचं घर मासळीचं. आई बाजारात बसते आणि लहानपणापासून मी तिच्या पाट्या उचलल्यात. गिऱ्हाइकाला पापलेट खरंच हवं असलं की ते त्याला नावं ठेवतं. डोळे बघ कसे झालेत, कालचं दिसतंय, काय गं हे. आणि एखादी "छान आहे हो" म्हणाली की समजायचं, ही बाई घेणार नाही. घरातही तेच. कालवण जमलं की बाबा म्हणतात, "एवढं मीठ काय दर्यानं घातलं?" आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. गाणं आवडलं की मी म्हणायचे, "बंद कर रे मेल्या, कान किटले," आणि भाऊ खूश होऊन तेच पुन्हा लावायचा.

त्या पावसाळ्यात बाबांच्या होडीवरचा जुना खलाशी गावी गेला तो परतलाच नाही. मासेमारी बंद होती, होड्या ओढून ठेवलेल्या. बाबांनी जेवताना भावाला सांगून टाकलं, "नारळी पुनवेला होडी बाहेर काढायची. तवर ठरव. येतोस तर ये, न्हाय तर मी दुसरा मानूस बघतो." आवाजात राग नव्हता. नंतर भाऊ मला म्हणाला, "ताई, माझं एक गाणं पुरं होऊ दे. जमलं तर बाबांना सरळ न्हाय म्हणून सांगतो. न्हाय जमलं तर होडीवर जातो." सगळं एका गाण्यावर लावू नये असं मला वाटलं. 

पुनवेच्या आधीच्या रविवारी मी खेकड्याच्या चवीचे वेफर्स आणले. भयंकर प्रकार. त्यातला खेकडा कधी समुद्राच्या बाजूला फिरायलाही गेला नसावा. भावाने गाणं लावलं. आवाज मशीनने बदललेला होता, तरी दुसऱ्याच ओळीला मी ओळखलं, हा त्याचाच. गाण्यात मोठं काही नव्हतं. बंदीच्या दिवसांत किनाऱ्यावर पडलेली होडी, तिच्यात साचलेलं पाणी आणि त्या पाण्यात बेडूक. पण मला त्याचा इतका अभिमान वाटला की कुठे बघू ते कळेना. तोही माझ्याकडे न बघता पाकिटात हात घालून बसला होता. मी नावं ठेवायला तोंड उघडलं आणि वाटलं, आज नको. आज सरळ बोलू, ऑफिसातल्या शहाण्या माणसांसारखं.

"छान आहे," मी म्हणाले. "खरंच खूप छान आहे."

"बरं," तो म्हणाला. त्याने उरलेले वेफर्स खाल्ले, हात पुसले आणि बाहेर ओट्यावर बाबांच्या शेजारी जाळं शिवायला जाऊन बसला. मला वाटलं, लाजला असेल, बोलेल सावकाश. मग ऑफिसात दोन जहाजांचं काम एकदम आलं आणि आठवडा कुठे गेला कळलं नाही.

पुनवेला दर्याला नारळ दिला आणि होडी निघाली तेव्हा तो तिच्यावर होता. मी धक्क्यावर उभी होते. वाईट वाटलं, पण त्याचा निर्णय त्याने घेतला, असं म्हणून मी घरी आले.

पाच दिवसांनी होडी परतली. सुट्टी होती म्हणून मी आईच्या मदतीला धक्क्यावर गेले. भाऊ बर्फातून बांगडे काढून पाटीत टाकत होता. एक बाई वाकली, पाटीत बघितलं, "छान आहेत हो" म्हणाली आणि पुढे गेली.  अरे देवा, मी काय करून बसले होते!

मी त्याला हाताला धरून बाजूला ओढलं. "भिकार गाणं तुझं," मी म्हणाले. "बेडूक काय, होडी काय, कान फुटले माझे. कुणी ऐकेल का असलं?" मी बोलतच सुटले, आणि चारचौघांत रडत होते, जे मला अजिबात आवडत नाही.

तो समजला. पण भलतंच समजला. "राहू दे ताई," तो हसून म्हणाला. "आता कशाला समजूत घालतेस? मला राग न्हाय. त्याच रविवारी पुसून टाकलं मी ते."

"कुठेतरी ठेवलं असशील ना रे?"

"न्हाय," तो म्हणाला, आणि अजून किती पाट्या काढू म्हणून आईला विचारायला गेला.