अंगणातला जावई

एक लांबलचक हॉर्न म्हणजे चहा झाला, ये. दोन तुटक हॉर्न म्हणजे जेवायची वेळ झाली, ये. आणि हात न उचलता वाजतच राहिलेला हॉर्न म्हणजे गाडी निघाली, येतेस का राहतेस? आमच्या कंग्राळीच्या घरात बायकोशी बोलत बसलेली माझी आक्का त्या हॉर्नसरशी अर्धी कपबशी खाली ठेवून उठायची आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची. कारण हॉर्न वाजवणारा काही रस्त्यावर नसायचा. आमच्याच अंगणात, आमच्याच सीताफळीच्या सावलीत, स्वतःच्या मोटारीत मांडी घालून बसलेला असायचा. तो माझा दाजी, आक्काचा नवरा. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, मनात कायम अरेतुरे करायचो. इथं मनातलंच लिहितो.

दाजी निपाणीचा. बसडेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढला. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर नातवंडं खेळवतात. यानं कुठल्याशा शाळेची मोडीत निघालेली पिवळी गाडी घेतली. आतली बाकडी उपटली, दोघांपुरती फळी ठोकली, मागं गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना आक्काच्या जुन्या साड्यांचे पडदे. वरून पांढरा रंग मारला, पण तोही चिक्कूपणानं, एकच हात. उन्हात खालचा पिवळा दिसायचाच. मग ही नवराबायको पैपावणे करत निघायची. संकेश्वरला त्याचा भाऊ, अथणीकडं चुलतबहीण, पार विजापूरच्या त्या करपलेल्या मुलखात दिलेली लेक. जाईल तिथं पावण्यांच्या दारात गाडी लावायची, आपली चूल आपण पेटवायची आणि वर मिशीला पीळ द्यायचा, "चाकं हाईत तवर आपुन कुणाचा मिंधा न्हाय."

बाकीच्यांच्या घरी निदान चहापुरता तरी तो आत जायचा. आमच्या घरी ते नाही. आमच्या उंबऱ्याला त्यानं लग्नाच्या दिवशीच पाठ केली होती.

आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवऱ्यानं हसून 'आई गं' म्हणायचं आणि मेहुण्याला टॉवेल-टोपी द्यायची. आक्काचा कानपिळ्या मीच. तेव्हा रोज तालमीत जात होतो, हाताला जोर होता, पिळला. बोटानं नुसता शिवायला काय मी कानाचा डॉक्टर होतो? दाजीनं 'आई गं' म्हणायच्या जागी भर मांडवात माझ्या थोबाडीत दिली. माझे वडील, आप्पा, उठले आणि म्हणाले, "पोरगी दिलीया तुमास्नी, पोरगं मारायला न्हाय दिलं. ऱ्हाऊ दे तुमचा टॉवेल तुमच्यापाशीच." दाजीनं ताटातला टॉवेल उचलून काखेत मारला आणि म्हणाला, "ठेवला. आजपास्नं ह्या घरचा उंबरा वलांडला तर नावाचा न्हाय. पाण्याचा थेंबबी घ्याचा न्हाय."

वाटलं, लग्नातला रुसवा, चार दिवसांत उतरेल. कसला उतरतोय! सणावाराला आक्काला गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि तिथूनच परत. आप्पा गेले तेव्हा आला, पण रस्त्यावर थांबला. तिरडी दारातून बाहेर पडल्यावर मग खांदा दिला. "रस्ता सरकारचा हाय," म्हणाला. मला तर अजून 'कानपिळ्या'च म्हणायचा. कोर्टात कारकून झालो, डोक्यावरचे केस गेले, पोरांची लग्नं झाली, तरी "काय रं कानपिळ्या, हाईस न्हवं?"

गाडी आल्यावर तर त्याची चैनच झाली. आता गल्लीच्या तोंडाशी थांबायचं कारण उरलं नाही. अंगण म्हणजे काही घर नव्हे, असा त्यानं स्वतःच स्वतःला निकाल दिला आणि थेट आमच्या दारात मुक्काम ठोकायला लागला. उंबऱ्यापासून पाच पावलांवर! आणि आक्कानंही खायचं-झोपायचं गाडीतच. आत माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिच्यासाठी भाकरी थापलेली, आणि बाहेर ही बाई वाकून शेगडीवर भात टाकतेय. सुनंदा ताट झाकून गाडीशी जायची, "दाजी, घासभर तरी घ्या." तो आमच्यासारखाच मराठी माणूस, पण त्या वेळी अनोळख्याशी बोलावं तसं कानडीत उत्तर द्यायचा, "ऊटा आयतु." जेवण झालं. शेगडीवर भात रटरटतोय आणि म्हणे जेवण झालं!

मी आक्काला म्हणायचो, "तू कशाला ऐकतीस त्याचं? ऱ्हा की हितं चार दिस."

ती हसायची. "त्येला एकट्याला चहाबी करता येत न्हाय रं."

खोटं बोलत होती. त्याला सगळं करता येत होतं. आक्काचे गुडघे धरायला लागले तेव्हा त्यानं गाडीच्या दाराला लोखंडी पायरी जोडली, बुटकी, बरोबर तिच्या पायाच्या मापाची, वर सायकलचं रबर ठोकून. ती चढताना स्वतः खाली उभा राहायचा, हात न लावता, नुसता मागं. ती पायरी बघून मला जास्तच संताप यायचा. एवढं कळतं मेल्याला, मग बाकीचं का कळत नाही?

एका अधिक महिन्यात ही दोघं आली. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्यात लेकीला आणि जावयाला जोडीनं पाटावर बसवून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. आमच्या घरचा तो धोंडा आक्काच्या नशिबी एकदाही आला नव्हता. जोडीशिवाय धोंडा होत नाही आणि तिची जोडी अंगणात. त्या खेपेला आक्का वाळली होती. चार शब्दांनंतर दम लागायचा. मागल्या दाराला बसून म्हणाली, "शिवा, औंदा धोंडा घाल रं आमाला. पुढल्या अधिकाला मी असंन, नसंन. एकडाव दोघं मिळून आप्पाच्या घरात पाटावर बसतो."

ती कधी काही मागायची नाही. मी माझा सगळा राग गिळला. धुतलेलं धोतर नेसलो, हातात अक्षता-सुपारी घेतली आणि गाडीच्या दाराशी उभा राहिलो. "दाजी, धोंड्याचं आवतण हाय. आक्काची इच्छा हाय. चला."

त्यानं माझ्या हातातल्या अक्षतांकडं बघितलं. आत सुनंदानं दोन पाट मांडले होते, रांगोळी काढली होती, आक्का एका पाटावर बसलीसुद्धा होती. हे सगळं त्याला खिडकीतून दिसत होतं.

"ऊटा आयतु," तो म्हणाला.

माझं टाळकं सटकलं. "आयतु काय आयतु! येत नसशील तर गाडी काढ माझ्या अंगणातनं. पुन्हा हितं चाक लावायचं न्हाय." मनातलं 'तू' तोंडावाटे बाहेर पडलं ते पडलंच. मी काही वावगं बोललो असं मला आजही वाटत नाही.

त्यानं गाडी चालू केली आणि हॉर्नवर हात ठेवला. उचललाच नाही. आत सुनंदानं नुकतं वाढलं होतं. धोंड्यावर तूप ओतलं होतं. सुनंदा म्हणाली, "वन्सं, खावा तुम्ही. वाजू दे त्यो." आक्कानं धोंडा मोडला, घास हातात घेतला, तो परत ताटात ठेवला. पाटाला हात टेकून उठली. माझ्यासमोरून जाताना एवढंच म्हणाली, "दोघंबी सारखंच हाईसा." आणि भरल्या ताटावरून उठून त्या बुटक्या पायरीवर चढली.

लेकीला माहेरच्या ताटावरून उठवलं त्यानं. वैऱ्यालासुद्धा कुणी असं उठवत नाही.

पुढचा अधिक महिना तिला दिसला नाही. निपाणीहून फोन आला तो त्याचाच. "तुझी भन गेली." आम्ही गेलो. तो दारात उभा होता. "आत ये," म्हणाला. मी गेलो नाही. त्याच्या अंगणात उभा राहिलो, बहीण बाहेर आली तेव्हा खांदा दिला आणि पाणीसुद्धा न पिता परत आलो. फेडलं. वाटेत सुनंदा रडत होती, का ते विचारलं नाही.

मग अधिक महिना आला. एका दुपारी गाडी आली ती रस्त्यावरच थांबली. हॉर्न नाही. मी सोप्यात पेपर घेऊन बसलो होतो, उठलो नाही. दाजी चालत अंगणातून आला, सीताफळीशी जरा घुटमळला आणि उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. मिशी पार उतरली होती. हातात निपाणीच्या कुठल्यातरी दुकानाची पिशवी.

"का आलाईसा?" मी विचारलं. "धोंड्याला? जोडी कुठाय तुमची?"

"तिनंच धाडलंय," तो म्हणाला. "जाताना म्हणाली, मला ज्या ताटावरनं उठिवलंसा, त्ये ताट पुरं करून या. माझ्या वाटचं तुमी खावा."

सुनंदा आतून आली होती, ती तिथंच भिंतीला टेकली. 'या' म्हणायला माझी जीभ वळेना. आणि मी या म्हटल्याशिवाय तो येणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत एवढं तर एकमेकांना ओळखलं होतं.

त्यानं पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. टॉवेलला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. "नवा हाय. लग्नातला मी इंजनाचं ग्रीस पुसून पुसून फाडला." माफी-बिफी काही नाही. टॉवेल उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवला, चौकटीला धरून वाकला आणि डोकं तेवढं आत घातलं. "पीळ की रं, कानपिळ्या."

मी उठलो. माझ्या आक्काचे गुडघे आठवले, दम लागून वरखाली होणारी छाती आठवली, ताटात परत ठेवलेला घास आठवला. त्याचा कान धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळला. कोर्टात खुर्ची उबवून हातातली तालीम गेली असेल, पण त्या घटकेला सगळी परत आली. म्हाताऱ्याचा कान लालबुंद झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी सोडला नाही. तसाच कान धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढला.

"आई गं," दाजी म्हणाला.

सुनंदानं धोंडे करून दोन पाट मांडले. एकावर तो बसला, दुसरा रिकामा. दोन्ही ताटं त्यानं खाल्ली. घास उतरत नव्हता, ठसका लागत होता, तरी चाटूनपुसून. आमच्या घरचं पाणी तांब्या उलटा करून प्याला. मी वाढायला उभा होतो, नव्या टॉवेलनं तोंड पुसत.

दिवाळीआधी तोही गेला. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण खांदा द्यायला निपाणीला गेलो, तेव्हा त्याच्या घरात गेलो.