एकतिसाव्या पानावरचा पगार

पंपांच्या कारखान्यात गळती तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे पणकाका म्हणत. कुणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘पण’. त्यांची बायको हसत हसत सांगायची, “मुलगी झाली म्हणून दवाखान्यात सांगितलं, तर हे म्हणाले, पण आमचीच ना?”

सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. तयार पंपात पाणी भरायचं, दाब वाढवायचा आणि प्रत्येक जोडावर नजर रोखून बसायचं. जो पंप सगळ्यात कोरडा दिसायचा, त्याच्यावरून ते आधी बोट फिरवायचे.

एका वर्षी ऑर्डरी आटल्या. दोन पाळ्यांची एक झाली. मग मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जोडणीच्या शेडमध्ये बोलावलं आणि स्वतः एका खोक्यावर उभे राहिले.

“कुणालाही काढणार नाही,” साहेब म्हणाले. “प्रत्येकाने पगाराचा पाचवा हिस्सा सोडायचा. बदल्यात कंपनीचे शेअर मिळतील. मी माझा पगार निम्मा केलाय. आजपासून तुम्ही नोकर नाही, मालक आहात!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांचे हात मात्र खिशातच राहिले. शेजारी त्यांचे साडू उभे होते. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि कामगारांचे पुढारी. काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“पण निम्मा म्हणजे कशाचा निम्मा? आधी आकडा किती होता?”

“तुम्हाला ना, सरळ काही दिसतच नाही,” साडू करवादले. “माणूस पोटाला चिमटा काढतोय, तर तुम्ही त्याचं पोट मोजताय.”

शुक्रवारपर्यंत एकशे चौदापैकी एकशे तेरा जणांनी सह्या केल्या. काका जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले की बाकावरची माणसं सरकून जायची. “एकट्यामुळे सगळ्यांचं घोडं अडायचं,” असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुणीतरी म्हणायचं.

साडू समजूत घालायला घरी आले. काकांची नजर त्यांच्या हातातल्या चकचकीत फोनवर गेली.

“पण हा कधी घेतलात?”

साडूंचा चेहरा उतरला. “मुलाने दिलाय. त्याच्या पहिल्या पगारातून.” चहाचा कप तसाच ठेवून ते उठले आणि चपला घालून निघून गेले.

बायको दारात उभी होती. “माझ्या बहिणीचं घर तोडलंत,” ती म्हणाली. “तिच्या बदल्यात शेअर देतात का हो तुमच्या कंपनीत?”

काकांनी साडूंचा भरलेला कप उचलून आत नेला. पण फोनचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही. मुलाचा पहिला पगार एवढा असतो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब विभागातल्या बाईंना गाठलं आणि साहेबांचा पगार विचारला.

“मला सांगता येत नाही, काका,” बाई म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “वर्षाचा अहवाल शेअरवाल्यांना मिळतो. तुम्ही तर शेअरच घेतले नाहीत.”

काकांनी तिथेच पेन मागून सही केली. म्हातारा शेवटी वठणीवर आला, असं शेडमध्ये सगळे म्हणाले. काकांनी कुणाला खुलासा केला नाही.

दहा महिन्यांनी अहवाल आला. बारीक अक्षरात, छपन्न पानं. काका तीन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो घेऊन बसले. एकतिसाव्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. साहेब आणि तीन मॅनेजर यांचा कापलेला पगार कापलेला नव्हताच. तो फक्त पुढे ढकलला होता. कंपनी नफ्यात आली की तो सगळा परत मिळणार होता, वर दीडपट बक्षीस. कामगारांच्या पाचव्या हिश्श्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

वर्षाच्या सभेत काका उभे राहिले आणि ते पान मोठ्याने वाचलं.

“यात लपवलेलं काही नाही,” साहेब म्हणाले. “सगळं छापलंय.”

“छापलंय खरं. पण खोक्यावरून बोलताना हे पान कुठे ठेवलं होतंत?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हुशार माणसं टिकवायला असं करावं लागतं, असं काहीबाही साहेब बोलत राहिले. काका त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते साडूंकडे बघत होते. साडूंनी शेजाऱ्याच्या हातातला अहवाल ओढून घेतला होता, त्यांचे ओठ एकेका शब्दावर हलत होते आणि मान लाल होत चालली होती. विकला गेलेला माणूस असा दिसत नाही, हे काकांना त्या क्षणी कळलं.

साडू उठले. “मी न वाचताच सगळ्यांना सह्या करायला लावल्या,” ते म्हणाले. “चूक माझी. आता पुढच्या वर्षीच्या कपातीला सह्या हव्यात ना साहेब? आधी हे पान बदला.”

आठ दिवस एकानेही सही केली नाही. नवव्या दिवशी पान बदललं. दीडपट बक्षीस गेलं, आणि नफा झाला की कामगारांचाही कापलेला पगार साहेबांच्या पगाराबरोबरच, तेवढ्याच हप्त्यांत परत द्यायचं ठरलं. शिवाय संचालकांच्या बैठकीत कामगारांना एक खुर्ची मिळाली. काका बहात्तर मतांनी निवडून आले.

त्या रविवारी ते बायकोला घेऊन साडूंच्या घरी गेले. “फोनबद्दल बोललो ते चुकलं माझं,” ते म्हणाले. साडूंनी खुर्ची दिली, चहा दिला, फोन मात्र उलटा करून ठेवला. आत दोघी बहिणींच्या गप्पा रंगल्या होत्या. बाहेर दोघांना विषय सुचत नव्हता.

पहिली बैठक आटोपून काका शेडमध्ये आले तेव्हा चाललेलं बोलणं एकदम थांबलं.

“आत बसायचा भत्ता किती देतात हो?” एका वेल्डरने विचारलं.

काकांचे कान तापले. एवढी वर्षं इथे घालवून हे ऐकायचं? त्यांनी आकडा सांगितला. कुणी मान हलवली नाही. तेव्हा त्यांनी खिशातून पावती काढून पुढे केली. वेल्डरने हात पुसून ती घेतली, मागूनपुढून बघितली आणि विचारलं, “एवढी एकच ना?”