एकसष्ट पट्ट्या

प्रतिभा पोतनीस यांनी उज्जैनला माधव नगरातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं प्रार्थना वाजवली, तीही पियानोवर. शाळेच्या हॉलमध्ये एक जुना उभा पियानो होता आणि तो वाजवता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. वडील महूच्या छावणीत कारकून असताना तिथल्या चर्चमधल्या एका बाईंकडे त्या आठ वर्षं शिकल्या होत्या. त्यांना मोठ्या रचना वाजवायच्या होत्या. मग लग्न झालं, नोकरी लागली आणि रोज सकाळी तीच चार कडवी नशिबी आली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत चिन्मय त्यांच्या घरी आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. इंदूर-उज्जैनची आणखी तीन मुलं जमवून त्याने चौकडी बनवली होती. तो आणि इशिता व्हायोलिनवर, विहंगकडे त्याहून थोडा मोठा आणि भारदस्त आवाजाचा व्हायोला, सौमित्रकडे गुडघ्यांत धरून वाजवायचा खर्जातला चेलो. चौघंही पंचविशीच्या आतले.

"मॅम, एकोणिसाव्या शतकातली एक जर्मन रचना आहे, रोमँटिक काळातली. आम्ही चौघं आणि पियानो. पियानोला कुणी मिळतच नाहीये."

"माझी बोटं गेली रे आता."

"नोट्स तर बघून घ्या. मग नाही म्हणा."

त्यांनी बघितल्या आणि नाही म्हणणं राहूनच गेलं. पस्तीस मिनिटांची रचना, चार भाग. शेवटच्या भागात डाव्या हाताने भराभर वाजवायची स्वरांची एक लांबलचक धाव होती, तिने त्यांना रडवलं. शाळा सुटली की रोज दोन तास बसायचं आणि घरी जेवणाच्या टेबलावर बोटं चालवायची. त्यांचे यजमान, प्रभाकर, वरण मागायचे, तर यांना ऐकूच जायचं नाही. रविवारी ती चौघं सरावाला यायची. असे चार महिने गेले.

फ्रीगंजमधल्या एका सांस्कृतिक मंडळाने वार्षिकोत्सवात बोलावलं. शाळा आपला पियानो हलवू देईना. चिन्मयने मंडळाच्या सचिवांना, भय्यासाहेबांना, तीनदा सांगितलं की अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचाच पियानो हवा, विजेचा असला तरी चालेल.

"बिलकुल मिळेल. मी बोलून ठेवलंय," भय्यासाहेब म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता ही मंडळी पोचली, तर स्टेजवर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो तसला छोटा कीबोर्ड. प्रतिभाताईंनी पट्ट्या मोजल्या. एकसष्ट. पेडलही नव्हतं.

"भय्यासाहेब, खालचं अख्खं सप्तक नाहीये यात. वरचंही नाही."

"मॅडम, पब्लिकला काय समजतं? थोडं ॲडजस्ट करून घ्या नं."

त्यांनी नोट्स मांडीवर घेतल्या आणि जिथे जिथे हात खाली जायचा तिथे तिथे तो वर आणला. तासाभरात जमेल तेवढंच. मग भाषणं सुरू झाली, ती संपेनात.

अखेर पाचही जण वाजवायला बसले. पहिला भाग कसाबसा पार पडला. एकदा डावा हात सवयीने खाली गेला आणि नुसत्या प्लास्टिकच्या कडेवर आपटला. इशिताने चमकून बघितलं. भाग संपताच टाळ्या झाल्या आणि भय्यासाहेब शाली घेऊन वर आले. निवेदक म्हणाला, "समय के अभाव में हम यहीं विराम लेंगे।"

"अजून तीन भाग बाकी आहेत," प्रतिभाताई म्हणाल्या.

"तो मॅडम, अगले साल ज़रूर।" निवेदक म्हणाला आणि लोक हसले. त्या उठायच्या आतच त्यांच्या खांद्यावर शाल पडली.

ऑटोत प्रभाकर म्हणाले, "छान झालं की."

"काय छान झालं?"

"लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"चार महिने घरात ऐकताय तुम्ही. निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

पुढच्याच महिन्यात विहंगला बंगळुरूला नोकरी लागली. प्रतिभाताईंनी प्राचार्यांकडून शाळेच्या हॉलसाठी एका रविवारची दुपार मागून घेतली. निदान एकदा तरी पूर्ण वाजवायचं होतं. ऐकायला प्रभाकर आणि इशिताची आई, एवढेच. विहंगची बॅग दाराशी होती, पाचची गाडी होती.

तीन भाग चांगले झाले. चौथ्यात ती धाव आली आणि प्रतिभाताईंची बोटं एकमेकांत अडकली. सगळे थांबले.

"परत घेऊ," चिन्मय म्हणाला.

परत तिथेच अडकलं. तिसऱ्यांदा त्यांनी लय सोडली, हळू वाजवलं. मुलंही त्यांच्याबरोबर हळू झाली आणि मग रचना शेवटाला पोचली.

विहंगने घाईने व्हायोला पेटीत ठेवला. "मस्त झालं मॅम."

"नाही झालं. आज सगळं होतं, वेळ होता, पियानो होता. मलाच नाही जमलं."

विहंग पाया पडला आणि निघाला. त्यांचा राग भय्यासाहेबांवर होता तोवर बरं होतं. आता तो कुणावर काढायचा ते त्यांना कळेना.

चिन्मय खुर्च्या लावत होता. त्याने विचारलं, "दुसरा व्हायोलावाला शोधू का?"

"शोध," त्या म्हणाल्या. "पण मला अजून सहा महिने लागतील."